शिफारसपत्र कोणाचे घ्यावे?

आयुर्वेदाच्या एम.डी. प्रवेशासाठी शिफारसपत्र लागत नाही. २०१७ पासून घेण्यात येणाऱ्या अखिल भारतीय आयुष पदव्युत्तर प्रवेश परीक्षेतील गुणानुक्रम तेथे निर्णायक असतो. तथापि आपले काही स्नातक सार्वजनिक आरोग्य या विषयातील पदव्युत्तर शिक्षणासाठी अमेरिकेतील विद्यापीठांकडे अर्ज करतात, आणि तेथे बहुधा तीन शिफारसपत्रे मागितली जातात. ती मागावयास विद्यार्थी प्रथम जातात प्राचार्यांकडे, नाहीतर ज्यांचे नाव वर्तमानपत्रांत झळकते अशा एखाद्या वैद्यराजांकडे. ही निवड मला चुकीची वाटते.

शिफारसपत्र हे एका अर्थी आप्तवचनच आहे. परंतु आप्ताचे वचन प्रमाण मानावयाचे ते त्याच्या पदामुळे नव्हे, तर त्याला विषयाचे यथार्थ ज्ञान असते म्हणून. येथे विषय आहे तो विद्यार्थी. ज्यांनी त्याला रुग्णाजवळ बसलेला कधी पाहिलाच नाही, ते ‘हुशार, कष्टाळू व सुस्वभावी’ यापलीकडे काय लिहिणार? चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात शिष्यानेही आचार्याची परीक्षा करावी असे सांगितले आहे. पत्र मागण्यापूर्वी ती अवश्य करावी: यांनी माझे कोणते काम प्रत्यक्ष पाहिले आहे?

आंतरवासितेनंतर वर्षभर एखाद्या औषधनिर्माणशाळेत काम केलेली विद्यार्थिनी घ्या. अशोकाच्या सालीत आसुपालवाची साल मिसळून आलेला माल तिने ओळखला, परत पाठविला आणि तेव्हापासून प्रत्येक पोत्याची नोंद ठेवली. शाळेच्या मालकांनी एवढेच साध्या शब्दांत लिहिले, तरी ते पत्र कुलगुरूंच्या पत्राहून वजनदार ठरेल. कारण नमुना तपासणे आणि नोंद ठेवणे हाच सार्वजनिक आरोग्याचा पाया आहे. अर्थात तीनपैकी निदान एक पत्र वर्गात शिकविलेल्या अध्यापकाचे असावे. काका, मामा, वडील हे आपल्याकडे पुष्कळदा वैद्यच असतात. त्यांचे पत्र मात्र घेऊ नये.

आता आपल्याविषयी. “तूच लिहून आण, मी सही करतो,” ही आपल्यातील प्रथा त्याज्य आहे. तिन्ही पत्रांची भाषा एकच असली की वाचणाऱ्याच्या ते ध्यानात येते, आणि नुकसान विद्यार्थ्याचे होते. ज्याला आपण ओळखत नाही त्याला स्पष्ट नकार द्यावा. तो गुळमुळीत पत्रापेक्षा हितकर असतो.

ही पत्रे आता विद्यार्थ्याच्या हाती द्यावयाची नसतात. विद्यापीठाकडून वा अर्ज स्वीकारणाऱ्या यंत्रणेकडून ई-मेल येतो, आणि त्यातील दुव्यावरून लिहिणाऱ्याने पत्र थेट पाठवावयाचे असते. जे हे स्वतः करणार नाहीत, त्यांना विद्यार्थ्यांनी विचारू नये, मग ते कितीही मोठे असोत. इतरांना मुदतीच्या निदान दीड महिना आधी विचारावे, आणि सोबत गुणपत्रके व त्यांच्या हाताखाली केलेल्या कामाचे टिपण द्यावे.