चित्रगुप्ताची वही कशाला हवी?

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना भांडायचंय त्यांना खालपर्यंत वाचायची तसदी नको. डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळताना जो डंजन मास्टर खेळाडूंच्या पात्रांच्या पाप-पुण्याचा हिशेब ठेवतो, तो खेळाची वाट लावतो. मुद्दाम नाही लावत, भल्या हेतूनेच लावतो. पण लावतो.

आता मामी आणि इतर नातेवाईक मंडळींसाठी थोडक्यात (बाकीच्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल). चार-पाच जणांनी टेबलाभोवती बसायचं, प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं, योद्धा, चोर, जादूगार वगैरे. एकजण डंजन मास्टर, म्हणजे डीएम. तो गोष्ट सांगतो, बाकीचे आपलं पात्र काय करतं ते सांगतात, आणि जमलं की फसलं ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. प्रत्येक पात्राच्या कागदावर एक रकाना असतो, अलाइनमेंट नावाचा. पात्र कायदा मानणारं की मनमानी करणारं, सज्जन की दुष्ट, आणि दोन्हींच्या मधलं. तीन गुणिले तीन, नऊ खोकी. तुमच्या पात्राने त्यातल्या एकात बसायचं.

हा रकाना आला कुठून हे बघितलं की अर्धं भांडण तिथेच मिटतं. खेळाचं मूळ सैनिकांच्या बाहुल्या मांडून खेळायच्या युद्धखेळात आहे. १९७१ च्या चेनमेलमध्ये कोणते प्राणी लॉच्या बाजूने लढणार आणि कोणते केऑसच्या, याची यादी होती. बाजू! पक्ष! कौरवांकडून कोण आणि पांडवांकडून कोण, तसं. १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा डी अँड डी आला तेव्हाही तीनच शब्द होते: लॉ, न्यूट्रॅलिटी, केऑस. पॉल अँडरसन आणि मायकेल मूरकॉक यांच्या कादंबऱ्यांतून उचललेले. मग १९७६ मध्ये गायगॅक्सने एका लेखात चांगलं-वाईट हा दुसरा अक्ष जोडला, आणि १९७८ च्या प्लेयर्स हँडबुकात नऊ खोकी पक्की झाली. कुणाच्या बाजूने लढतोस हा साधा प्रश्न होता, तो तू माणूस कसा आहेस असा होऊन बसला. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर खोक्यात मावत नाही, पण पुस्तकात छापलं गेलं ना, मग काय!

आणि १९७९ च्या डंजन मास्टर्स गाइडने तर कमालच केली. डीएमने प्रत्येक पात्राचं वागणं आलेखावर नोंदवत राहायचं. सरकत सरकत पात्र दुसऱ्या खोक्यात गेलं, की एक लेव्हल कापायची. महिनोन्महिने खेळून मिळवलेली लेव्हल! १९८१ च्या बेसिक नियमांत तर प्रत्येक अलाइनमेंटची स्वतंत्र गुप्त भाषा आहे आणि अलाइनमेंट बदलली की भाषाही त्याक्षणी बदलते. म्हणजे काल रात्री एक वाईट काम केलंत की सकाळी तुमची व्याकरणासकट बोली गेली. हे वाचून हसू न आलेला माणूस मला दाखवा.

हसू ओसरलं की मात्र खरा त्रास दिसतो. एका टेबलावरचा प्रसंग सांगतो. पात्र होतं पॅलडिनचं, म्हणजे धर्मवीर. जुन्या नियमांत याच्यावर सगळ्यात जास्त पहारा. १९७८ च्या पुस्तकाप्रमाणे त्याने जाणूनबुजून बेकायदा वर्तन केलं तर वरच्या दर्जाच्या पुरोहितापुढे कबुली देऊन प्रायश्चित्त, आणि जाणूनबुजून दुष्कृत्य केलं तर पॅलडिनपण कायमचं गेलं. तर या पॅलडिनने एका गावात सावकाराच्या घरात रात्री शिरून कर्जाची वही जाळली. त्या मुलीने (पात्र पुरुष, खेळणारी मुलगी) हे करण्याआधी दहा मिनिटं विचार केला होता. बोलून दाखवला होता. आम्ही सगळे गप्प होऊन ऐकत होतो, असं टेबलावर फार क्वचित होतं. डीएमने वहीत काहीतरी खरडलं आणि म्हणाला, "लॉफुल दोन वजा."

पुढचा दीड तास वाद. चोरी ती चोरीच की नाही, जुलमी कायदा हा कायदा की नाही, वगैरे. पण वादाचं मला काही नाही, वाद तर हवेच. वाईट झालं ते पुढच्या आठवड्यांत. ती मुलगी प्रत्येक वेळी काही करण्याआधी विचारू लागली, "याचे किती जातील?" योग्य काय हा प्रश्न संपला, किती जातील हा सुरू झाला. जी सगळ्यात जास्त विचार करायची तीच आता दर विचारत होती.

आता मला सांगा, १८७५ मध्ये सुप्याला आणि आसपासच्या गावांत शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे जाळले, त्यांना कुठल्या खोक्यात टाकाल? कायदा मोडला, यात शंका नाही. पण माणसांवर हात टाकल्याचे प्रकार थोडेच, राग होता तो कागदांवर. आणि चारच वर्षांनी, १८७९ मध्ये, सरकारनेच शेतकऱ्यांना दिलासा द्यायला नवा कायदा केला. मग त्यांचे वजा झालेले दोन गुण परत द्यायचे का? कुणी द्यायचे? इतिहासकारांना अजून लिहायला पुरतंय आणि आमचा डीएम पेन्सिलने तीन सेकंदांत निकाल लावतो.

यावर एक मित्र हमखास युधिष्ठिराचा रथ काढतो. जमिनीला न टेकता चालायचा, अर्धसत्य बोलल्यावर खाली आला, म्हणजे व्यासांनीही हिशेब ठेवलाच की! अरे बाबा, ठेवला, पण एकदाच. आणि रथ खाली आला म्हणून आपण वाद थांबवला का? उलट तिथूनच सुरू झाला.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. हिशेब नसला तर खेळाडू मोकाट सुटतात, दिसेल त्याला मारतात, गावं लुटतात. खरं आहे, सुटतात. पण त्यावर औषध गोष्टीतच आहे. गाव लुटलं तर पुढच्या गावाने दरवाजे लावावेत, मेलेल्याचा भाऊ शोधत यावा. कागदावरचा आकडा घसरला याची भीती कुणाला वाटत नाही, पण ओळखीच्या सराईवाल्याने तोंड फिरवलं की टेबलावर शांतता पसरते.

कॉम्प्युटरवरच्या खेळांचं मी समजू शकतो. २००२ च्या नेव्हरविंटर नाइट्समध्ये दोन्ही अक्षांवर शून्य ते शंभर आकडे आहेत, आणि संवादात एखादं उत्तर निवडलं की तुम्ही किती सरकलात ते पडद्यावर उमटतं. यंत्राला मोजण्याशिवाय येतं काय? पण टेबलावर समोर जिवंत माणूस बसलाय, त्याला हेतू कळतो, आवाजातला संकोच कळतो. त्याने यंत्राची नक्कल का करावी?

मोजायचंच असेल तर ग्रेग स्टॅफर्डचा १९८५ चा पेंड्रॅगन बघा. आर्थर राजाच्या सरदारांचा खेळ. त्यात दयाळू-क्रूर, प्रामाणिक-कपटी अशा तेरा जोड्या, प्रत्येक जोडीची बेरीज वीस. माणूस दयाळू आणि कपटी एकाच वेळी असू शकतो, जसा आपल्या प्रत्येकाच्या घरात एक असतो. शिवाय ख्रिस्ती सरदाराचे सद्गुण वेगळे आणि जुन्या देवांना मानणाऱ्याचे वेगळे. एकाकडे विनय हा गुण, दुसऱ्याकडे अभिमान. चांगलं म्हणजे कुणाच्या मते चांगलं, हे निदान विचारलंय तरी.

डी अँड डीच्या कर्त्यांनाही हे हळूहळू उमगलेलं दिसतं. २००८ च्या आवृत्तीत नवाची पाच खोकी झाली. २०१४ मध्ये नऊ परत आली (जुन्या खेळाडूंचा आग्रह कुणाला मोडता येतो!), पण दात काढून. खोकं बदललं म्हणून लेव्हल कापा वगैरे काही नाही, पॅलडिनलाही अमुकच खोक्यात बसायची सक्ती नाही. तरी आमच्यातल्या काहींना १९७९ चा आलेख सोडवत नाही.

आमच्या टेबलावर आता तो रकाना रिकामा असतो. एकाने त्यात घोड्याचं नाव लिहिलंय. त्या मुलीने मात्र "वही जाळली" एवढेच दोन शब्द लिहिलेत आणि डीएमने विचारलं तरी खोडत नाही.