एकदाच काय ते घेऊन टाकू!

आपल्याकडे कुठलीही मोठी खरेदी निघाली की घरातलं कुणीतरी वडीलधारं माणूस हे वाक्य टाकतंच. "एकदाच काय ते चांगलं घेऊन टाकू, परत बघायला नको." फ्रीज, कपाट, मिक्सर यांच्या बाबतीत ते सोळा आणे खरं आहे. पण खिशात मोजके पैसे असताना गेमिंग कॉम्प्युटर बांधायचा असेल, तर याच्याइतकं महाग पडणारं दुसरं वाक्य नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. आजचा शनिवारचा रतीब त्यावरच. (गेम म्हणजे पोरं बिघडवायचं यंत्र असं ज्यांना वाटतं त्यांनी हा लेख खुशाल सोडून द्यावा. पुढच्या शनिवारी भेटूच. :) )

विषय निघाला तो माझ्या सांगलीच्या भाच्यामुळे. पठ्ठ्याला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला आणि दाजींनी कॉम्प्युटरसाठी पन्नास हजार बाजूला काढले. दाजींचं किराणा दुकान आहे, तेव्हा हे पन्नास हजार कसे जमले असतील ते मला माहीत आहे. भाच्याने एका दुकानातून कोटेशन आणलं आणि मला फोटो पाठवला. वर फोन. "मामा, आय-७ आहे, सोळा जीबी रॅम आहे, चार जीबीचं ग्राफिक्स कार्ड आहे, काचेचं कॅबिनेट आहे. घेऊन टाकू ना?"

आता हे 'आय-७' काय होतं? आय-७ ३७७०. म्हणजे २०१२ साली आलेला प्रोसेसर. विंडोज ११ च्या अधिकृत यादीत इंटेलच्या आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर आहेत, हा तिसऱ्या पिढीतला. आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ लाच संपला. चार जीबीचं ग्राफिक्स कार्ड म्हणजे जीटी ७३०, हे २०१४ सालचं. चार जीबी लिहिलंय म्हणून कार्ड दांडगं होत नाही हो! गच्चीवर टाकी दोन हजार लिटरची आणि खाली नळ अर्ध्या इंचाचा, असला तो प्रकार. मेमरी किती आहे यापेक्षा ती किती वेगाने वाचता येते आणि ती वाचून गणितं करणारे किती हात आहेत, याला महत्त्व. ते कोटेशनवर कुणी लिहीत नाही.

त्या कागदावर खरोखर नवीन आणि चकचकीत अशी एकच वस्तू होती. ते कॅबिनेट. समोर काच, आत चार रंगीत पंखे.

यात दुकानदाराला शिव्या देण्यात अर्थ नाही. गिऱ्हाईक जे बघतं ते तो विकतो. गिऱ्हाईक काय बघतं? आय-७ हा आकडा, जीबीचा आकडा आणि दिवे. जे बघत नाही ते काय? एसएमपीएस, मदरबोर्ड, रॅमच्या किती पट्ट्या, प्रोसेसर कुठल्या साली आला. बजेट कमी असलं की पैसा दिसणाऱ्या गोष्टींकडे पळतो आणि काटछाट न दिसणाऱ्या गोष्टींत होते. 'एकदाच काय ते' हे वाक्य यात तेल ओततं, कारण एकाच दिवशी सगळं पूर्ण दिसायला हवं असतं.

मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो. आमच्या धंद्यात एक साधा नियम आहे, आधी मोजा, मग सुधारा. प्रोग्रॅम हळू चालतोय तर वेळ नेमका कुठे जातोय ते बघायचं आणि तिथेच हात घालायचा. तोच नियम इथे लावू. सेकंदाला ६० चित्रं हवी असतील तर एका चित्राला साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्या वेळात प्रोसेसरने आपलं काम उरकायचं आणि ग्राफिक्स कार्डाने आपलं. दोघांत जो हळू, त्याच्या वेगाने गेम चालणार. बाकी सगळे बसून वाट बघणार. म्हणजे एक भाग खूप भारी आणि दुसरा रडका, असं मशीन हा सरळसरळ पैशाचा अपव्यय आहे.

ग्राफिक्स कार्डाला काम किती, हे बरंचसं ठरतं पडद्यावर. १९२० बाय १०८० च्या पडद्यावर सुमारे २०.७ लाख ठिपके असतात. १४४० वाल्यावर ३६.९ लाख. फोर-के वर ८२.९ लाख, म्हणजे बरोबर चौपट. एक पडदा बदलला की कार्डाच्या मागचं काम चौपट! म्हणून तुटपुंज्या बजेटमध्ये पहिला निर्णय प्रोसेसरचा नसतो, पडद्याचा असतो. १०८० वर थांबा. तिथे थांबलात की पुढचे सगळे भाग आपोआप परवडणाऱ्या रांगेत येतात.

दुसरा प्रश्न, खेळणार काय? भाच्याला विचारलं. व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक २, जीटीए ५. अरे मग! जीटीए ५ पीसीवर आला २०१५ साली. उरलेले दोन्ही गेम फुकट आहेत आणि मुद्दामच साध्या मशीनवर चालतील असे बनवलेले आहेत. (व्हॅलोरंट विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट मागतो. ते २०१२ च्या मशीनवर कुठून आणणार?) यासाठी आज वेगळं ग्राफिक्स कार्ड घ्यायची गरजच नाही.

तर माझं मत असं. मशीन दोन हप्त्यांत बांधा. बँकेचे हप्ते नव्हेत, मशीनचे हप्ते.

पहिल्या हप्त्यात आतच ग्राफिक्स असलेला प्रोसेसर घ्यायचा. माझ्या पसंतीचा रायझन ५ ५६००जी. २०२१ चा आहे, सहा कोअर, आणि आतलं वेगा ग्राफिक्स त्या जीटी ७३० ला सहज मागे टाकतं. त्याच्याबरोबर साधा ए५२० किंवा बी५५० मदरबोर्ड, ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी आणि रॅम सोळा जीबी. पण सोळाची एक पट्टी नाही, आठ-आठच्या दोन! हा मुद्दा वहीत लिहून ठेवा. आतल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅममधूनच खातं. ३२०० ची डीडीआर४ ची एक पट्टी सेकंदाला २५.६ जीबी देते, दोन पट्ट्या ५१.२. जीबी तेवढेच, फक्त नळ दुप्पट रुंद. दुकानदार "नंतर वाढवायला जागा राहील" म्हणून एकच पट्टी सुचवेल. ऐकू नका.

रॅमचं अजून एक. २०२५ च्या शेवटच्या महिन्यांत रॅमचे भाव भडकले, कारण मेमरी बनवणाऱ्या कंपन्यांचा माल एआयच्या डेटा सेंटरकडे वळला. त्यामुळे मी इथे रुपयांचे आकडे देतच नाहीये, हा लेख तुम्ही वाचेपर्यंत ते शिळे होतील. पण घरात कुणाच्या जुन्या मशीनमध्ये डीडीआर४ च्या चालू पट्ट्या पडून असतील तर त्या सोनं समजा. मॉनिटरला पैसे उरले नाहीत तर काही महिने घरातला टीव्ही एचडीएमआयला जोडा. आई सिरियल बघत असताना अभ्यासही होईल.

आणि आता न दिसणाऱ्या गोष्टींतली सगळ्यात महत्त्वाची, एसएमपीएस. बजेट तुटतंय म्हटल्यावर पहिली कात्री इथेच लागते, कारण याने गेम एका फ्रेमनेसुद्धा वेगाने चालत नाही. पण स्वस्तातला एसएमपीएस जातो तेव्हा एकटा जात नाही, कधी बोर्ड तर कधी कार्ड सोबत नेतो. डब्यावरच्या मोठ्या आकड्याकडे बघू नका, बारीक अक्षरातला १२ व्होल्टचा अँपिअरचा आकडा बघा. ४५० वॉट छापलेल्या डब्यावर १२ व्होल्टला १८ अँपिअर असेल, तर प्रोसेसर आणि कार्डाच्या वाट्याला येतात २१६ वॉट. बाकी नुसती छपाई. ८० प्लसचं चिन्ह कार्यक्षमतेबद्दल बोलतं, टिकाऊपणाबद्दल नाही, म्हणून वॉरंटी किती वर्षांची हेही विचारा. आपल्याकडे तालुक्याच्या गावी दिवसातून दोनदा वीज जाते-येते आणि व्होल्टेज मनाला येईल तसं नाचतं. तिथे तर हा खर्च म्हणजे विम्याचा हप्ता आहे.

कॅबिनेटही साधं, पण समोर जाळी असलेलं घ्या. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ च्या आसपास जातो. तेव्हा समोरून काचेने बंद केलेल्या पेटीत मशीन ठेवणं म्हणजे स्वेटर घालून धावण्यासारखं आहे. दिवे हवेतच तर दिवाळीची माळ गुंडाळा, स्वस्त पडेल.

दुसरा हप्ता आठ-दहा महिन्यांनी, किंवा पैसे जमतील तेव्हा. तेव्हा फक्त ग्राफिक्स कार्ड. इथे एक खाच आहे. ५६००जी पीसीआयई ३.० च बोलतो, आणि आरएक्स ६५०० एक्सटी सारखी काही स्वस्त कार्डं चारच लेन वापरतात. जुन्या वेगाच्या चार लेन म्हणजे चिंचोळी गल्ली, कार्ड गुदमरतं. आठ लेनचं आरएक्स ६६०० या जोडीला बरं. ते १३२ वॉट घेतं. प्रोसेसर धरून दोनशे-सव्वादोनशे झाले. म्हणजे पहिल्या हप्त्यात घेतलेला ५५० वॉटचा चांगला एसएमपीएस आरामात पुरतो, परत काही उपटायला नको.

जुनं कार्ड घ्यावं का? घ्यावं, पण डोळे उघडे ठेवून. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग बंद पडलं आणि त्यानंतर खूप कार्डं बाजारात आली. चिप सहसा ठीक असते, पंखे झिजलेले असतात. अर्धा तास गेम चालवून दाखवा म्हणायचं, नाही म्हणाला तर उठायचं. आणि 'आरएक्स ५८० २०४८एसपी' असं काही दिसलं तर सावध. मूळ ५८० मध्ये २३०४ शेडर असतात, हे नाव बदललेलं ५७० आहे. मुंबईत लॅमिंग्टन रोड किंवा पुण्यात तापकीर गल्लीत हिंडणाऱ्याला चार दुकानं फिरून खात्री करता येते. सांगलीकराला एकच दुकान आणि एकच शब्द. म्हणून नावं नीट वाचायची सवय गावातल्या मुलालाच जास्त लागते.

यावर दाजींचा आक्षेप होता, आणि तो बिनबुडाचा नव्हता. "दोनदा खर्च म्हणजे दोनदा माझ्या खिशात हात." मी म्हटलं, दाजी, फ्रीज पहिल्या दिवशी जेवढा गार करतो तेवढाच दहाव्या वर्षी करतो. ग्राफिक्स कार्डाचं तसं नाही. आज न वापरता घेऊन ठेवलेली ताकद वर्षभराने जुनी होते, आणि कदाचित त्याच पैशात बरी मिळते. शिवाय वर्षभराने त्याला खरंच कार्ड हवंय का, की तो कॉलेजात वेगळ्याच नादाला लागलाय, हेही कळेल. नाही लागलं तर पैसे वाचले. तसंही प्रोग्रॅमिंग शिकायला पहिल्या हप्त्यातलं मशीन चार वर्षं पुरून उरतं.

कुणी म्हणेल, मग गेमिंग कन्सोलच का घेऊ नये? नुसतंच खेळायचं असेल तर जरूर घ्या, हिशोब कदाचित सोपा बसेल. पण त्याच्यावर सबमिशन लिहिता येत नाही, कोड लिहिता येत नाही, आणि त्याचा एक भाग काढून दुसरा बसवता येत नाही. एकाच खरेदीत दोन गरजा भागवायच्या असतात तिथे पीसीला तोड नाही. फक्त "अभ्यासासाठी हवाय" असं घरी खोटं सांगू नका. दोन्हीसाठी हवाय असं सांगा. खोट्या कारणावर बजेट बसवलं की भागही चुकीचेच निवडले जातात.

तेव्हा मंडळी, कोटेशन हातात आलं की प्रोसेसरच्या ओळीवरून सुरुवात करू नका. एसएमपीएस कुठल्या कंपनीचा आणि किती वर्षांच्या वॉरंटीचा, हे आधी विचारा. तिथे नाव न सांगता नुसतं '४५० वॉट' असं उत्तर आलं, तर बाकीच्या ओळी वाचायच्या भानगडीत पडू नका. सरळ पुढच्या दुकानात जा.