गांडुळांचं लग्न

पावसाळ्यात दिल्लीच्या अजमल खाँ पार्कातली गांडुळं वर आली, की करोल बागेतली मुलं ‘ई’ करतात आणि तिथेच उकिडवी बसतात. या लाजाळू जिवांवर ‘वर्म लव्हज वर्म’ हे चित्रपुस्तक २०१६ साली अमेरिकेत निघालं. गोष्ट जे. जे. ऑस्ट्रियन यांची, चित्रं माइक क्युरॅटो यांची. दोन गांडुळं प्रेमात पडतात, लग्न ठरवतात. वऱ्हाडातल्या किड्यांना प्रश्न पडतो, यातली नवरी कोण? गांडुळं म्हणतात, दोघंही दोन्ही! विज्ञानही तेच सांगतं: प्रत्येक गांडूळ नर असतं आणि मादीही, तरी बहुतेक जाती जोडीदार शोधतातच.

मराठीत माधुरी पुरंदरे यांनी मुलांचं रोजचं जग चित्रांतून आणि शब्दांतून मोकळेपणानं उभं केलं. तोच मोकळेपणा प्रेमाच्या वाट्याला मात्र कमी आला. मुलांना सिनेमातलं प्रेम चालतं, पुस्तकातलं नको, हा आपला न्याय अजब आहे. आवडणं, विचारणं, होकाराची वाट पाहणं, नकार सोसणं हे सारं मुलं कुठून तरी शिकणारच. मग चांगल्या पुस्तकातून का नको?

प्रेमावरच्या या बालविशेषांकासाठी आम्ही लेखकांना आणि चित्रकारांना एवढीच अट घातली होती: उपदेश नको. आधी मुलांना वाचू द्या, मग तुम्ही वाचा.