णमोकार म्हणा, पण आधी गाडी काढा



चातुर्मास तोंडावर आला आहे. मंडळाच्या बैठकीत जीवदयेचा विषय निघेल, पावतीपुस्तकं फिरतील, गोशाळेच्या चाऱ्यासाठी पैसे जमतील. ते जमायलाच हवेत. पण आपल्या दारातला कुत्रा आणि ओट्याखाली येऊन बसणारी मांजर आपल्या कुठल्याच पावतीत बसत नाही. ती आजारी पडली, जखमी झाली की आपण काय करतो, याबद्दल आज मला थोडं कडक बोलायचं आहे. राग आला तरी शेवटपर्यंत वाचा.

आपण काय करतो ते सगळ्यांना माहीत आहे. रोज सकाळी पोळी घालतो, बशीत दूध ठेवतो. आणि तोच कुत्रा गाडीखाली सापडला की चमच्याने पाणी पाजतो, कानाशी बसून णमोकार म्हणतो, "त्याचे भोग होते" म्हणून डोळे पुसतो. तास-दोन तासांत तो जातो. मग आपण एकमेकींना सांगतो, "शेवटी णमोकार कानावर पडला, गती सुधारली." दवाखाना तीन किलोमीटरवर असतो. गाडी दारात असते. पण ती काढायचं कुणाच्या मनात येत नाही.

सासऱ्यांच्या छातीत कळ आली तर आपण असाता वेदनीय कर्माची चर्चा करत बसतो का? तेव्हा 108 ला फोन लावतो, शेजारच्याला हाक मारतो, आणि णमोकार गाडीत बसल्यावर म्हणतो. कर्मसिद्धांत तोच, घर तेच. मग कुत्र्याच्या वेळीच कर्म आडवं का येतं? त्याला दुखतंय हा त्याच्या कर्माचा उदय असेल. पण मला मदत करता येत होती आणि मी केली नाही, हे कर्म माझ्या खात्यावर जमा होतं.

इथे कुणीतरी जीवंधरकुमारांची कथा काढणार. मरणाऱ्या कुत्र्याला त्यांनी णमोकार ऐकवला आणि तो यक्ष झाला, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. पण ती पूर्ण ऐका. लोकांनी मारलेल्या त्या कुत्र्याला वाचवायचा जीवंधरांनी आधी प्रयत्न केला. तो वाचत नाही असं दिसल्यावर मंत्र दिला. पार्श्वकुमारांचंही तसंच. जळत्या लाकडात नाग-नागीण आहे हे कळल्यावर त्यांनी आधी लाकूड फोडायला लावलं, जीव बाहेर काढायला लावले. लांब उभं राहून नुसता मंत्र म्हटला नाही. आपण पद्मावतीमातेची ओटी भरतो आणि ते लाकूड फोडणं मात्र विसरतो.

दुसरी पळवाट मला जास्त खटकते. "खाणं सोडलंय, आता त्याची सल्लेखनाच चाललीय समजा." मैत्रिणींनो, सल्लेखना हे जाणतेपणी, स्वतःच्या इच्छेने, गुरूंच्या आज्ञेने घेतलेलं व्रत आहे. तापाने ग्लानी आलेल्या मुक्या जनावराने कुठलं व्रत घेतलंय? त्याला औषध न देण्याला हे पवित्र नाव लावू नका. श्रावकाच्या अहिंसा अणुव्रताचे जे पाच अतिचार आपण पाठ केलेत, त्यांत प्राण्याला बांधून ठेवणं आहे आणि त्याचं अन्नपाणी तोडणंही आहे. एप्रिल-मेच्या दुपारी गच्चीवर साखळीला बांधलेला आणि पाण्याचं भांडं कोरडं पडलेला कुत्रा पाहिलात की हे दोन अतिचार एकत्र दिसतील.

आता खऱ्या अडचणीकडे येते, कारण ती खोटी नाही. "गोचिडीचं औषध लावायचं म्हणजे गोचिड्या मरणार. जंताची गोळी म्हणजे जंत मरणार. ती हिंसा नाही का?" हो, आहे. पण 10 फेब्रुवारीला, राष्ट्रीय जंतनाशक दिनी, शाळेत मुलांना जंताची गोळी देतात तेव्हा आपण मुलांना घरी ठेवतो का? गृहस्थाला संकल्पी हिंसा पूर्ण सोडायची असते. घर चालवताना होणारी आरंभी हिंसा जपून, कमीत कमी करायची असते. आणि कमीत कमी हिंसा कशात आहे ते हिशेबाने बघा. गोचिडीची एक मादी भिंतीच्या फटीत हजारो अंडी घालते. कुत्र्याला वेळेवर औषध लावलं तर ती साखळी सुरू होण्याआधीच थांबते. नाही लावलं तर दोन महिन्यांनी अख्ख्या घरात फवारणी करावी लागते, आणि तोवर कुत्रा गोचीडतापाने जातो.

जखमेत पडणाऱ्या अळ्यांचंही तेच. पावसाळ्यात साध्या ओरखड्यावर माशी बसते आणि दिवसभरात अंड्यांतून अळ्या निघतात. मग त्या काढाव्या लागतात आणि आपल्याला वाईट वाटतं. पहिल्याच दिवशी जखम धुऊन, औषध लावून, माशी बसणार नाही अशी ठेवली असती तर कुत्राही वाचला असता आणि अळ्यांचा प्रश्नच आला नसता. उशीर केल्याने हिंसा वाढते, एवढं लक्षात ठेवा.

"कुत्रा-मांजर मांसाहारी. त्यांना वाचवलं तर ती आणखी जीव मारणार," असंही मी ऐकलंय. एकाला मारल्याने अनेक वाचतील म्हणून हिंस्र प्राण्यालाही मारू नये, हे आचार्य अमृतचंद्रांनी पुरुषार्थसिद्ध्युपायात स्पष्ट सांगून ठेवलंय. मग त्याच हिशेबाने त्याला मरू देणं तरी कसं बसतं?

आता कामाचं बोलू. दया वेळेवर उपयोगी पडायची तर आधी माहिती हवी.

पावसाळा दारात आहे, म्हणून तिथून सुरुवात. गोचीडतापात कुत्रा खाणं सोडतो, ताप येतो, हिरड्या पांढुरक्या पडतात, कधी नाकातून रक्त येतं, लघवी गडद होते. हिरड्या बघायची सवय लावा. निरोगी कुत्र्याच्या हिरड्या बहुधा गुलाबी असतात, काहींच्या मुळातच काळसर असतात. आपल्या कुत्र्याच्या कशा आहेत ते आजच बघून ठेवा. उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. तो माणसांनाही होतो, म्हणून कुत्र्याला दरवर्षी लस द्या. साप चावला तर दोरी बांधू नका, जखम कापू नका, चोखू नका. कुत्र्याला चालवू नका, उचलून न्या. सापाचं विष उतरवणारं औषध दवाखान्यातच मिळतं. पिल्लाला उलट्या आणि रक्ताची हगवण लागली तर तो पार्व्हो असू शकतो. तिथे ताक-भात देऊन एक दिवस वाट बघणं म्हणजे पिल्लू घालवणं.

दिवाळीत फटाक्यांना घाबरून कुत्री पळतात, हरवतात, गाडीखाली येतात. संध्याकाळी आतल्या खोलीत ठेवा, गळपट्ट्यावर फोन नंबर लिहा. भाजलं तर गार वाहतं पाणी धरा. हळद-तूप आणि टूथपेस्ट लावू नका. थंडीत मांजरं ऊब शोधत गाडीच्या इंजिनात जाऊन बसतात, म्हणून सकाळी गाडी सुरू करण्याआधी बॉनेटवर दोन थापा मारा.

उन्हाळ्यात कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही. तो धापा टाकून अंग गार करतो. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना तेही नीट जमत नाही. त्याचं नेहमीचं तापमान 101 ते 102.5 फॅरनहाइट असतं. 104 च्या वर गेलं तर धोका, 106 च्या आसपास आतले अवयव निकामी व्हायला लागतात. जोरजोरात धापा, तारेसारखी लाळ, लडखडणं दिसलं की सावलीत घ्या, नळाचं साधं पाणी अंगावर ओता, पंखा लावा आणि निघा. बर्फ लावू नका. बेशुद्ध जनावराच्या तोंडात पाणी ओतू नका, ते फुप्फुसात जातं. ते चमच्याचं पाणीही याच कारणाने थांबवा.

आता आपलं स्वयंपाकघर. कांदा-लसूण कुत्र्या-मांजरांच्या रक्ताला बाधतो, आणि तो बहुतेक जैन घरांत नसतोच. तेवढी एक चिंता कमी. पण आपण सांगली-तासगावच्या बेदाण्याच्या मुलखातल्या! द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक आहेत. किती खाल्ले तर चालतात याचा भरवशाचा आकडा नाही, म्हणून उरलेला शिरा, खीर, बेदाण्याची बरणी त्याच्यापासून लांब ठेवा. खाल्लेच तर त्रास सुरू व्हायची वाट न बघता दोन तासांच्या आत दवाखाना गाठा. मिठाचं पाणी पाजून घरी उलटी काढू नका. चॉकलेटही विषच.

आणि हे ठळक लक्षात ठेवा: मांजराला क्रोसिन, डोलो, कुठलीही पॅरासिटामॉल देऊ नका. तिचं शरीर ते पचवू शकत नाही, एका गोळीने मांजर मरू शकते. कुत्र्यासाठी आणलेलं गोचिडीचं औषध मांजराला लावू नका. त्यात परमेथ्रिन असेल तर तिला झटके येतात. लिलीची फुलं मांजराच्या घरात नकोत, पराग चाटले तरी तिची मूत्रपिंडं जातात. बोका सारखा लघवीला बसतोय, ओरडतोय, पण थेंबही येत नाही, तर बद्धकोष्ठ समजून एरंडेल देत बसू नका. त्याचा मार्ग अडलेला असतो, दोन-तीन दिवसांत तो मरतो. तो सकाळपर्यंत थांबवायचा आजार नाही.

रात्री झटके, श्वास लागणं, न थांबणारं रक्त, फुगलेलं पोट, विष पोटात जाणं, गाडीची धडक यांतलं काहीही झालं तर लगेच निघायचं. आपण रात्री जेवत नाही, पण रात्री दवाखान्यात जायला कुठलंच व्रत आड येत नाही. जखमी प्राणी दुखण्याने चावतो, म्हणून जाड टॉवेलमध्ये गुंडाळून उचला. चावलाच तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस घ्या. रेबीजची लक्षणं दिसल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही.

"एवढा खर्च कोण करणार?" हा प्रश्न रास्त आहे. रस्त्यावरच्या कुत्र्याच्या पायाचं ऑपरेशन एकट्या घराला पेलत नाही. म्हणून तर जीवदया निधी आहे. आमच्याकडच्या एका ट्रस्टमध्ये मी हे बोलले तेव्हा "कुत्र्या-मांजरांचं आपल्यात बसत नाही" असं उत्तर मिळालं. कधीपासून बसत नाही? 1832 मध्ये मुंबईत सरकारने भटकी कुत्री मारायला सुरुवात केली तेव्हा पारशी रस्त्यावर उतरले, दंगा झाला. त्यानंतर 1834 साली जमशेटजी जीजीभाई आणि शहरातल्या व्यापाऱ्यांनी पांजरपोळ उभी केली, ती भटक्या कुत्र्यांचा जीव वाचावा म्हणून. दिल्लीच्या लाल मंदिराच्या आवारात आपल्याच समाजाचं पक्ष्यांचं रुग्णालय आहे. तिथे पक्ष्यांना नुसता मंत्र ऐकवत नाहीत, मोडलेल्या पंखावर पट्टी बांधतात. औषधोपचार ही आपलीच जुनी परंपरा आहे.

म्हणून यंदा मंडळाच्या बैठकीत मी तीन गोष्टी मागणार आहे, तुम्हीही मागा. एक, जीवदया निधीतला ठरावीक भाग कुत्र्या-मांजरांच्या तातडीच्या उपचारांसाठी वेगळा ठेवायचा. दोन, गावातल्या पशुवैद्यांचे नंबर, दवाखान्याच्या वेळा आणि रात्री कोण येतं याची यादी बस्तीच्या फलकावर लावायची. त्यात सरकारी फिरत्या पथकाचा 1962 हा नंबरही लिहायचा. ते पथक मुख्यतः गुराढोरांसाठी आहे, म्हणून कुत्र्या-मांजरांसाठी खासगी डॉक्टरांचे नंबर हवेतच. तीन, गल्लीतल्या कुत्र्यांना पावसाआधी रेबीजची लस द्यायची. पोळी घालणारी बाईच त्यांना हाक मारून जवळ बोलावू शकते, डॉक्टरांना ते जमत नाही.

भाद्रपदात क्षमावाणीला आपण सगळ्या जीवांची क्षमा मागणार आहोत. त्याआधी जवळच्या पशुवैद्याचा नंबर फोनमध्ये टाका, आणि तो रात्री उचलतात का ते एकदा विचारून घ्या.