कंबरेचं वजन: जुगाड कुठं चालतो, कुठं नाही

तारकर्लीला जाऊन स्कूबा करून आलेल्या मित्राचे फोटो पाहिले की तुम्हालाही वाटतंच, आपण का नाही? पालमहून मालवणचा समुद्र रस्त्यानं पाचशे किलोमीटरच्या वर. पण पाणी काही आपल्यापासून लांब नाही. तालुक्यातून गोदावरी वाहते, दिग्रसचा बंधारा आहे, आणि लेंडी फुगली की कितीतरी गावांचा पालमशी संपर्क तुटतो. कुणी बुडालं तर सगळ्यात आधी पाण्यात उतरतात ते गावातले पट्टीचे पोहणारे आणि मासेमारी करणारे भोई बांधव. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाच्या तुकड्या धुळे आणि नागपूरला, एनडीआरएफची पुण्याजवळ. त्या पोचेपर्यंत वेळ जातो. म्हणून पाण्याखाली नीट उतरता येणं ही आपल्याकडे नुसती हौस नाही.

अडतं ते पैशावर. टाकी, रेग्युलेटर, सूट यांना हात लावायची सोय नाही, आणि लावूही नये. जीव टिकवणारी ती यंत्रं आहेत. मग नजर जाते कंबरेच्या पट्ट्याकडे. शिशाचे चार तुकडे, त्यात काय एवढं, घरीच करू! आमचं म्हणणं असं, की हा जुगाड जरूर करा, पण आधी तीन गोष्टी समजून घ्या.

पहिली गोष्ट, गणित. पाणबुड्या वजन लावतो ते मुख्यतः त्याचा रबरी सूट तरंगतो म्हणून. सूट नसेल तर अंगानं बारीक असलेल्या पोराला गोड्या पाण्यात वजन जवळजवळ लागतच नाही. समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा अडीच टक्के जड. त्यामुळे सामानासकट 80 किलो भरणाऱ्या माणसाला नदीत समुद्रापेक्षा साधारण 2 किलो वजन कमी पुरतं. तारकर्लीला लावलं तेवढंच गोदावरीत लावलं, तर तुम्ही दगडासारखे खाली जाल.

आता आर्किमिडीज आठवा. मार्कांसाठी पाठ केलेला नियम इथं कामाला येतो. हवेत 1 किलो भरणारं शिसं गोड्या पाण्यात सुमारे 910 ग्रॅम उरतं. लोखंड 870 ग्रॅम. आपला काळा पाषाण 650 च्या आसपास, पाण्यानं भिजलेली वाळू 620, काँक्रीट 580. म्हणजे 4 किलो शिशाचं काम करायला जवळपास 6 किलो वाळू लागते. वाळूची पिशवी जाडजूड होते, सरकते, तोल बिघडवते. सगळ्यात सोपा पर्याय लोखंड. भंगारातले सळईचे तुकडे, मोठे नट, वायसर, जिमच्या जुन्या प्लेटा. मोटारसायकलच्या फुटक्या ट्यूबमध्ये वायसर भरून दोन्ही तोंडं घट्ट बांधली की अंगाला न टोचणारं वजन तयार होतं. गंज लागतो, धुऊन वाळवून ठेवा. किलो-अर्धा किलोचे वेगवेगळे तुकडे करा, म्हणजे कमी-जास्त करता येईल.

दुसरी गोष्ट, शिसं घरी वितळवू नका. 327 अंशाला ते वितळतं, चुलीवरही जमतं, म्हणूनच मोह होतो. पण त्याची वाफ आणि धूळ अंगणात, कपड्यांवर, लहान भावंडांच्या हातावर बसते. साच्यात पाण्याचा एक थेंब राहिला तरी उकळतं शिसं अंगावर उडतं. जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं काढणं तर त्याहून वाईट. सेनेगलमध्ये डाकारजवळच्या थियारॉय-सुर-मेर वस्तीत बॅटऱ्यांच्या शिशापायी 2007-08 च्या काही महिन्यांत 18 लेकरं गेली. शिशाचं कोणतंच प्रमाण सुरक्षित मानता येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. शिसंच हवं असेल तर तयार तुकडे घ्या. वितळवायचा खटाटोप नको.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. वजन एका हातानं, एका झटक्यात सुटलं पाहिजे. मन्नारच्या आखातातले मोती काढणारे दोरीला बांधलेल्या दगडात पाय अडकवून खाली जायचे, तळाशी पोचले की पाय सोडवायचे, आणि होडीतला जोडीदार दगड वर ओढून घ्यायचा. ग्रीसचे स्पंज काढणारेही दगड धरूनच उतरायचे. दगड कुणी अंगाला बांधून घेतला नाही. आपल्याकडे मात्र सुतळीच्या गाठी, ओढणी, बेल्टला तारेनं बांधलेल्या प्लेटा असले प्रकार सुचतात. पाण्यात भिजलेली गाठ घाबरलेल्या हाताला सुटत नाही. पाणबुड्यांच्या अपघातांत मृतदेहाच्या कंबरेला पट्टा तसाच आढळल्याचे दाखले पुष्कळ आहेत. तेव्हा वजन घरचं चालेल, बक्कल मात्र चांगलंच घ्या. पट्टा सगळ्यात शेवटी, सगळ्या सामानाच्या वरून बांधा, म्हणजे सुटल्यावर कशातही न अडकता खाली पडेल. काठावर डोळे मिटून दहा वेळा सोडून बघा. आणि श्वास रोखून बुडी मारायचा सराव एकट्यानं कधीच करू नका. शुद्ध हरपते ती सांगून हरपत नाही.

यात खरी महाग वस्तू शिकवणारा माणूस आहे, आणि तो घरी बनवता येत नाही. पोहायला न शिकताच पदवी घेऊन बाहेर पडणारी पोरं आपल्या नदीकाठच्या तालुक्यात किती असतील, तुमच्याच वर्गात हात वर करायला सांगून पाहा. केंद्राची ‘आपदा मित्र’ योजना 2016 पासून सामान्य तरुणांना पूर-बचावाचं शिक्षण देते. तुमच्या एनएसएसच्या सरांना घेऊन परभणीच्या जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षात जा आणि आपल्या कॉलेजची तुकडी घ्या म्हणून लेखी अर्ज द्या. गावातल्या जुन्या भोई काकांना शिकवायला बोलवा, मानधन देऊन. गोदावरीचे भोवरे आणि गाळ त्यांच्याइतका कुणाला ठाऊक नाही. हे पावसाळ्याआधी व्हायला हवं. वायसर भरलेली ट्यूब त्यानंतर एका दुपारचं काम आहे.