फॉरमॅट नंतर, आधी प्रत!



स्नेहसंमेलनाचा व्हिडिओ शाळेच्या हार्ड डिस्कवर टाकायला घेतला की बऱ्याच ठिकाणी एक अडचण येते. डिस्कवर शंभर जीबी जागा रिकामी दिसते, तरी कॉम्प्युटर म्हणतो, फाइल फार मोठी आहे. मग स्टाफरूममधून कुणीतरी सुचवतं, "सर, फॉरमॅट मारा, होऊन जाईल." फॉरमॅट मारलं की व्हिडिओ बसतोही. पण सहलीचे फोटो, निकालपत्रकं, शिक्षकांनी रात्री जागून बनवलेले पाठ हे सगळं त्यात जातं. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की दुसरीकडे प्रत असल्याशिवाय शाळेच्या डिस्कला कुणीही फॉरमॅट मारू नये, तो कितीही जाणकार असो.

मुळात अडचण जागेची नसतेच. डिस्कवर कोणती फाइल कुठे आहे याचं एक रजिस्टर असतं. हे रजिस्टर ठेवण्याची पद्धत म्हणजे फाइल सिस्टिम. १९९६ च्या सुमारास विंडोज ९५ च्या सुधारित आवृत्तीसोबत आलेल्या फॅट३२ या पद्धतीत फाइलचा आकार लिहायचा रकाना ठरावीक मापाचा आहे. त्यात ४ जीबीपेक्षा मोठा आकार मावतच नाही. हजेरीपटात दोन अंकांचा रकाना असेल तर १०५ कुठे लिहिणार? तसंच हे. एनटीएफएस आणि एक्सफॅट या पद्धतींत रकाना मोठा आहे, म्हणून मोठी फाइल बसते.

आता महत्त्वाचा फरक बघा. फॉरमॅट म्हणजे जुनं रजिस्टर काढून कोरं ठेवणं. कन्व्हर्ट म्हणजे जुन्या रजिस्टरमधल्या नोंदी नव्या पद्धतीच्या रजिस्टरमध्ये उतरवणं. पुस्तकं कपाटातच राहतात. फॅट३२ ची डिस्क एनटीएफएस करायची असेल तर विंडोजमध्ये कन्व्हर्ट नावाची आज्ञा आहे. ती कमांड प्रॉम्प्ट अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून द्यायची असते. फाइली जागेवर राहतात. मात्र त्यासाठी डिस्कवर थोडी मोकळी जागा लागते.

"मग कन्व्हर्टच करू, प्रत कशाला?" असं काहीजण म्हणतील. हे मला पटत नाही. नोंदी उतरवत असताना मध्येच लाईट गेली किंवा केबल निघाली, तर रजिस्टर अर्धवट राहू शकतं. आपल्याकडे लाईट कधी जाईल याचा काय भरवसा! शिवाय हा रस्ता एकतर्फी आहे. एनटीएफएसवरून परत फॅट३२ वर न्यायची सोय विंडोजमध्ये नाही. तेव्हा फॉरमॅटच करावं लागतं. कन्व्हर्ट ही आज्ञा एक्सफॅट करूनही देत नाही. म्हणजे काहीही करायचं असो, सुरुवात प्रतीपासूनच.

प्रत तयार झाली की मग निवांत ठरवा, डिस्क कुठे कुठे लावायची आहे? फक्त विंडोजच्या कॉम्प्युटरला लावायची असेल तर एनटीएफएस उत्तम. मॅकवरही लिहायचं असेल तर एक्सफॅट बरं, कारण मॅक एनटीएफएस वाचतो, पण स्वतःहून त्यावर लिहीत नाही. वर्गातला जुना टीव्ही किंवा स्पीकर कधीकधी फक्त फॅट३२ ओळखतो. त्यासाठी एक छोटा पेन ड्राइव्ह वेगळा ठेवा.

आणि चुकून फॉरमॅट झालंच, तर त्या डिस्कवर लगेच काही नवीन टाकू नका. क्विक फॉरमॅटमध्ये बऱ्याचदा रजिस्टरच कोरं झालेलं असतं, मजकूर जागेवर असतो. त्यावर नवीन लिहिलं गेलं नाही, तर जाणकाराला तो परत मिळवता येण्याची शक्यता असते.

साठा रजिस्टर आणि हजेरीपट आपण कपाटात कुलूप लावून जपतो. मुलांचे निकाल असलेली डिस्क मात्र ज्याला कॉम्प्युटरमधलं थोडंफार कळतं त्याच्या हाती सोपवतो. हे थांबायला हवं. घरच्या फोटोंच्या डिस्कलाही हाच नियम लावा, पालकहो. या आठवड्यात एकदा डिस्कवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा, फाइल सिस्टिम कोणती ते बघा आणि डिस्कवर चिठ्ठी चिकटवा. त्याच चिठ्ठीवर दुसरी प्रत कुठे ठेवली आहे तेही लिहा. तिथे लिहायला काही नसेल, तर आधी ते काम उरका.