‘दावथारी’चे कुळ

जॉर्जियन भाषेत हिशेबाच्या वहीला ‘दावथारी’ म्हणतात, आणि हा शब्द फारसी आहे एवढे सांगून त्याच्या कुळाची चौकशी बंद करण्याची जी रीत पडली आहे ती मला सर्वथा अपुरी वाटते.

जॉर्जियाचा इराणशी संबंध प्राचीन असला, तरी 1555 च्या अमास्याच्या तहाने त्याचा पूर्व भाग सफवी शहांच्या वर्चस्वाखाली गेल्यावर तिफ्लिसच्या दरबारात फारसी शब्दांची वर्दळ इतकी वाढली की वाख्तांग सहावा याने राज्यकारभाराचे नियम ग्रथित केले तेव्हा त्या ग्रंथालाही ‘दास्तुरलमाली’, म्हणजे आपल्या जुन्या कागदांतला दस्तूर-उल-अमल, हेच नाव मिळाले. चिटणिसाला तर तेथे आजही ‘म्दिवानी’ म्हणतात, आणि त्यातला दिवाण आपल्याला ओळखू येतोच. ‘दावथारी’ म्हणजे मूळचा फारसी ‘दफ्तर’; त्यातला दंतोष्ठ्य ‘फ’ जॉर्जियन वर्णमालेत नसल्यामुळे त्याच्या जागी ‘व’ आला आणि अंती प्रथमेचा ‘ई’ प्रत्यय लागला. आपल्याकडे त्याच ध्वनीचा ‘प’ होऊन ‘दप्तर’ झाले.

परंतु फारसीनेही हे धन वारशात मिळवलेले नाही. अरबी-फारसीच्या मागे गेले असता ग्रीक ‘दिफ्थेरा’ हा शब्द लागतो. त्याचा अर्थ कमावलेले कातडे. पपायरस दुर्मिळ असताना आयोनियन ग्रीक शेळ्यामेंढ्यांच्या कातड्यांवर लिहीत, म्हणून पुढे पपायरसालाही ते ‘कातडी’च म्हणत राहिले, असे हिरोडोटस सांगतो. इराणी सम्राटाच्या पदरी वैद्य असलेल्या क्टीसियसने तर तेथील दरबारी नोंदींनाच ‘राजचर्मे’ म्हटले आहे. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात मिसरचा इराणी सुभेदार अर्शाम याने धाडलेली, चामड्यावर शाईने अरमाइक भाषेत लिहिलेली पत्रे ऑक्सफर्डला जतन केलेली आहेत. ती पाहता क्टीसियसचा शब्द अलंकारिक नव्हता हे पटते. ज्या इराणी कचेऱ्यांतील चर्मांना ग्रीकांनी आपले नाव दिले, त्याच इराणच्या भाषेत ते नाव शतकांनंतर ‘दफ्तर’ होऊन नांदू लागले, यासारखा मनोहर योग भाषेच्या इतिहासात विरळा. (घशात कातड्यासारखा पापुद्रा धरणाऱ्या घटसर्पाला ब्रेतोनो या फ्रेंच वैद्याने 1826 मध्ये दिलेले नावही याच ग्रीक शब्दावरून घडले आहे.)

आपल्याकडे रघुनाथपंतांच्या राज्यव्यवहारकोशापासून यावनी शब्दांच्या जागी संस्कृत शब्द योजण्याचा थोर उद्योग झाला, आणि त्याचे मोल मी तिळमात्र कमी करीत नाही. मात्र शब्द ठेवावा की टाकावा हा निर्णय वेगळा आणि त्याची वंशावळ वेगळी. म्हणून मराठी कोशकारांनी ‘दप्तर’पुढे ‘फा.’ एवढे अक्षर लिहून लेखणी न ठेवता ग्रीक ‘दिफ्थेरा’पर्यंतचा मार्ग नोंदवावा, आणि त्याच ओळीत जॉर्जियन ‘दावथारी’लाही भावंड म्हणून स्थान द्यावे.